रायवळाची सुकी लाकडं

॥ श्री ॥

आंजर्ले,
२२ मे २०२५

चि. दमयंतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. गुडघ्याचे टाके निघाले आणि तू काठी टेकत ओटीपर्यंत गेलीस, हे वाचून बरं वाटलं. घाई करू नकोस. सलिल म्हणतो की मामांनी फोनवर बोलावं म्हणजे लगेच खुशाली कळते. त्याला सांग, तीस वर्षं मी या गावच्या पोस्टात शिक्के मारले. आता म्हातारपणी पोस्टाचं उरलंसुरलं गिऱ्हाईक मीच तोडू काय? शिवाय इथला टॉवर जरा वारा सुटला की मान टाकतो. पत्र उशिरा का होईना, पोचतं तरी.

इकडे वैशाखात श्रावण चालू आहे. मंगळवारी दुपारी जो सुरू झाला तो अजून थांबायचं नाव नाही. मृग लागायला अजून पंधरवडा आहे, पावसाआधीची आगोटीची कामं सगळ्यांची अर्ध्यावर आहेत आणि हा पाहुणा पंगत मांडायच्या आधीच पाटावर येऊन बसला. कौलं चाळायची राहिली. कलमांवर शेवटचा हापूस होता, तो काळा पडून गळतो आहे. वाडीत बायकांनी आमसुलं घातली होती, त्यांना रसाचं दुसरं पूट द्यायच्या आत बुरशी आली. लोक लाकूडफाटा मेच्या अखेरीला आत भरतात, तो सगळ्यांचा अंगणात भिजतोय. आज वाडीत फिरलो, एका घरात धड वाळलेलं लाकूड नाही.

माझी मात्र कोरडी आहेत. तू नाक मुरडशील, पण सांगतो. वादळात आपल्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरचा रायवळ आंबा पडला, त्याची ही लाकडं. पाच वर्षं रिकाम्या गोठ्यात रचलेली आहेत. एकमेकांवर आपटली तर भांड्यासारखी वाजतात. आप्पा ऐन पावसात गेले, तेव्हा काय हाल झाले ते तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आम्ही ओली लाकडं फुंकत होतो. तेव्हाच ठरवलं की आपल्या सरणाची सोय आपण करून ठेवायची. तुझी मालिनीवहिनी होती तेव्हा म्हणायची, असलं अभद्र घरात नको. ती गेली, आता अभद्र म्हणणारं कोणी नाही.

धाकट्या रघूचं विचारलंस. गडग्यापलीकडे आहे. चैत्रात मुंबईहून आला तो परत गेला नाही. भर मे महिन्यात पडवीत शाल गुंडाळून बसतो. मुंबईला लेकीकडे एसीची सवय लागली असेल, आता गावची हवा बाधते. मी काही विचारलं नाही. तोही बोलला नाही. पाच वर्षं चाललंय ते चाललंय.

तुझा,
दादा

---

संगमेश्वर,
२६ मे २०२५

ती. दादास साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. तुझा पोस्टाचा अभिमान समजला, पण इथला पोस्टमन महामार्गाच्या चिखलातून गुडघ्यापर्यंत पँट वर करून येतो. तुझं पत्र त्यानं टोपीत घालून आणलं. त्याचा तरी विचार कर.

इकडेही तेच. नदी आत्ताच गढूळ झाली आहे. माझ्या कुरडया गच्चीवर होत्या, त्यांची पेज झाली. सूनबाई ईशा कपडे इस्त्रीनं वाळवते आणि वीज गेली की पंख्याखाली टाकलेल्या साड्यांकडे आम्ही दोघी बघत बसतो. पाऊस काय कोणाला विचारून येतो? आला तर आला. पण जीव उदास होतो रे. उन्हाळा म्हणजे आपलं वर्षभराचं ऊन साठवायचे दिवस. ते गेले की वर्षभर काहीतरी कमी पडणार असं वाटत राहतं.

आता माझं काम ऐक आणि पुरतं वाच, अर्ध्यात ठेवू नकोस. रघूला बरं नाही. सर्दी-ताप आहे, वयही झालं. त्याच्या गोदाचा फोन आला होता. तिच्याकडे सुकं लाकूड एक नाही, न्हाणीतली चूल पेटत नाही, वीज दिवसदिवस नसते. ओली लाकडं फुंकून तिचे डोळे सुजलेत. रघूला गार पाणी अजिबात सोसत नाही. एक तपेलं गॅसवर तापतं तेवढंच, ते अर्ध्या अंगालाही पुरत नाही. तुझ्याकडे गोठा भरून लाकडं आहेत. मेल्यावर माणसाला कळतं का आपण सुक्यावर जळतोय की ओल्यावर? दे त्यातली थोडी.

आणि दादा, स्वतः जा. तू थोरला आहेस. शेंडेफळ आहे तो आपलं. पाच वर्षं झाली, झाड पडलं ते पडलं, त्याची मुळं अजून कशाला उकरायची? मी तिथे असते तर दोघांचे कान धरून एका पाटावर बसवले असते. गुडघ्यानं मला बांधून ठेवलंय.

तुझी,
दमयंती

---

आंजर्ले,
३० मे २०२५

चि. दमयंतीस आशीर्वाद.

तुझ्या शब्दाखातर लाकडं दिली. काल बाळा कामाला आला होता. त्याच्याकडून सहा ओझी पाठवली, चांगली हाताएवढी जाड, निवडून काढलेली. वर प्लास्टिक बांधून दिलं, वाटेत भिजायला नकोत म्हणून. तो परत आला तेव्हा विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाला, "पडवीत रचून आलो. कोन काय बोल्ला नाय. बाय नुसती बघत ऱ्हायली."

मी गेलो नाही. ते तुझ्या आज्ञेतलं एवढं एक मोडलं. मी का म्हणून जाऊ? गडगा दोन्ही बाजूंनी सारखाच उंच आहे. तरी लाकडं गेली, तेव्हा मनावरचं ओझंही थोडं गेल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. बाळा गेल्यावर बराच वेळ मागच्या दारी उभा राहून त्यांच्या न्हाणीच्या धुराड्याकडे बघत होतो. धूर काही दिसला नाही. पावसात दिसत नसेल.

त्याच्या सर्दी-तापाला आलं-तुळशीचा काढा द्यायला सांग. माझं नाव सांगू नकोस.

कालपासून पावसानं जरा दम घेतला आहे, पण ऊन नाही. भिंतींना हात लावला तर ओला होतो.

दादा

---

संगमेश्वर,
३ जून २०२५

दादा,

हे काय होऊन बसलं? तुझं पत्र काल आलं, पण रघूची अपूर्वा मुंबईहून आली आहे, तिचा फोन त्याआधीच आला होता. घरात रेंज नव्हती म्हणून ती गणपतीच्या कड्यावर चढून गेली आणि तिथून बोलली. रडत होती. म्हणाली, "आत्या, काकांनी बाबांसाठी सरण पाठवलंय."

सगळी वाडी जाणते की गोठ्यातली ती लाकडं कशासाठी ठेवलेली आहेत. तूच वर्षानुवर्षं मोठ्या तोंडानं सांगत आलास. अपूर्वानं ती सगळी उचलून पडवीबाहेर फेकली, गडग्यापाशी. गोदानं तिला अडवलं नाही.

आता माझा गुन्हा ऐक. रघूला सर्दी-ताप नाही. त्याच्या यकृतात कर्करोग आहे. फाल्गुनात मुंबईला डॉक्टरांनी सांगितलं की आता उपचारांनी त्रासच वाढेल, घरी न्या. म्हणून तो चैत्रात गावी आला. म्हणून मे महिन्यात शाल. आषाढ निघाला तर खूप, असं डॉक्टर म्हणालेत. त्यानं मला आईची शपथ घातली होती. म्हणाला, "दमाताई, दादाला कळवू नकोस. कळलं तर दया येऊन येईल. दयेपोटी आलेला दादा मला नको. तसाच आला तर येऊ दे." मी शपथ पाळली आणि तुला ते खोटं लिहिलं. वाटलं, लाकडाच्या निमित्तानं तू स्वतः जाशील, त्याला बघशील, आणि मला काही सांगावं लागणार नाही. मी हुशारी करायला गेले. वाडीतल्या कोणीच तुला सांगितलं नाही, कारण रघूचं नाव निघालं की तू उठून जातोस. मग सांगणार कोण?

पण दादा, एक गोष्ट मला कळत नाही. अपूर्वा म्हणाली की वादळानंतर भांडण झालं तेव्हा तू रघूला काहीतरी बोललास, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. ती शब्द सांगेना. म्हणाली, माझ्या तोंडातून ते निघणार नाही, काकांनाच विचार. मला तू इतकंच सांगितलं होतंस की लाकडांवरून बोलाचाली झाली.

काय बोललास? खरं लिही. आता लपवायला फार दिवस राहिलेले नाहीत.

दमयंती

---

आंजर्ले,
७ जून २०२५

चि. दमयंतीस,

पत्र काल दुपारी आलं. तीनदा वाचलं. तुला उत्तर लिहायला आज सकाळ उजाडावी लागली.

विचारलंस म्हणून लिहितो. वादळ झालं तेव्हा टाळेबंदी होती, रघू मुंबईत अडकला होता. झाड आडवं पडून वाट अडली होती. मी माणसं लावून कापून घेतलं, फोडून घेतलं, गोठ्यात रचलं. महिन्याभरानं तो आला. गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "दादा, आईनं लावलेलं झाड. विचारायचं तरी होतंस. एक फळी कापून ठेवली असतीस मला." बस, एवढंच. ओरडला नाही, शिवी दिली नाही.

मी चिडलो. का चिडलो ते मला आज सांगता यायचं नाही. कदाचित त्याचं बरोबर होतं म्हणून. वाडीतली सात-आठ माणसं माझ्या छपरावर कौलं लावत होती. त्यांच्या देखत मी म्हणालो, "ही माझ्या सरणाची आहेत. तुला हवी असतील तर माझ्याआधी मर."

तो निघून गेला. छपरावरचे हातही थांबले होते.

हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या नजरेतून उतरेन म्हणून. स्वतःलाही सांगत आलो की भांडण झाडावरून झालं. आणि दमे, लाकडं पाठवताना ते वाक्य माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, यावर तू विश्वास ठेवशील का? मी खरोखर न्हाणीच्या चुलीसाठी पाठवली. सुकी आहेत, आंब्याची आहेत, निखारा धरतात, एवढाच विचार. बोलणारा विसरतो. ज्याला बोललं जातं त्याच्या घरात मात्र ते वाक्य पाच वर्षं चुलीपाशी बसून असणार. आणि मी ते सहा ओझी बांधून, वर प्लास्टिक घालून, दुसऱ्याच्या डोक्यावरून त्याच्या पडवीत पोचवलं. स्वतः गेलो असतो तर माझं तोंड बघून तरी त्यांना कळलं असतं.

बाळाला विचारलं. तो म्हणाला, "अपूर्वाताईनं सगली भायेर टाकलीन. मी सांगनार व्हतो, पन तुमचा तोंड बघून गप बसलो."

काल पत्र वाचून तसाच गेलो. लाकडं गडग्याला टेकून चिखलात पडली होती. अपूर्वा पडवीत होती. मी गडगा ओलांडून दोन पावलं टाकली, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. बरोबर केलंन. मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. आतून खोकला ऐकू येत होता. तसाच परत आलो.

तू अपूर्वाला फोन करून सांग की काकाच्या मनात तसं नव्हतं. ती मानणार नाही. तरी सांग. तुझ्या खोट्याचा मला राग नाही. माझ्यासारख्याला खरं सांगायची सोय मी ठेवली कुठे होती?

दादा

---

[पोस्टकार्ड]

आंजर्ले,
९ जून २०२५

ती. दादास साष्टांग नमस्कार.

लाकडं पोचली. अपूर्वानं बाहेर टाकली होती, तिच्यावर रागावू नकोस, लहान आहे, चाळीसच वर्षांची. मला आठ-दहा दिवस कोणी सांगितलं नाही. दमाताईनं फोनवर सगळं सांगितलं तेव्हा कळलं. मी म्हटलं, आत आणा.

माझ्याआधी मर म्हणालास ते माझ्या लक्षात आहे. त्याच कामाला लागलो आहे, पण वेळ लागतोय, आणि तोवर थंडी वाजते. आज सकाळी तुझ्या लाकडांवर न्हाणीची चूल पेटली. सहा महिन्यांत पहिल्यांदा अंगात ऊब आली. वरची भिजली होती, ती सुकत घातलीत. आणखी असतील तर आण. माणसाकरवी नको.

गोदाचे हात दुखतात, पाठीवर पाणी घालायला कोणी नाही.

कार्ड मुद्दाम पोस्टात टाकतोय. गडग्यावरून हाक मारली असती तर तू म्हणाला असतास, पत्ता अपुरा आहे. पिनकोड घातला आहे.

रघू

---

आंजर्ले,
१४ जून २०२५

चि. दमयंतीस अनेक आशीर्वाद.

रघूचं कार्ड आलं. पोस्टमननं दिलं तेव्हा तोही हसला, म्हणाला, "काका, पलीकडच्या घरातलं पत्र दापोलीचा शिक्का खाऊन आलं." मी ते हातात घेऊन गोठ्यात गेलो आणि तिथे लाकडांवर बसून वाचलं. लहानपणापासून त्याचं अक्षर किरटं, आता तर ओळ उतरणीला लागते. तरी पिनकोड ठळक घातलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक ओझं बांधलं. मला झेपेल एवढंच, सात-आठ लाकडं. खांद्यावर गोणपाट घेतलं आणि गेलो. पाऊस होताच. अपूर्वा दारात होती. तिनं वाट सोडली. न्हाणीच्या दाराशी ओझं उतरवलं. गोदा म्हणाली, "भाऊजी, आत या. त्यांना मघाशीच आणून बसवलंय."

दमे, मला माहीत नव्हतं माणूस इतका कमी होऊ शकतो. पाटावर बसला होता, पाठ माझ्याकडे. मणके मोजता येत होते. अंग पिवळं पडलंय. मी लहानपणी याच न्हाणीत याला आंघोळ घातलेली, तेव्हा त्याला धरून ठेवावं लागायचं, निसटून अंगणात पळायचा. आता धरून ठेवलं ते पडू नये म्हणून.

त्यानं वळून पाहिलं. म्हणाला, "आलास? चूल नीट पेटली आहे बघ. सरण चांगलं आहे तुझं."

मी काहीतरी बोलणार होतो. चालत येताना ठरवलेलंही होतं, शब्द जुळवलेले होते. ते तसेच राहिले. मग तांब्या घेतला, तपेल्यात बुडवला आणि त्याच्या पाठीवर ओतला. त्यानं एक मोठा श्वास घेतला आणि डोळे मिटले. मी ओतत राहिलो. सगळं तपेलं संपवलं. हात थरथरत होते, पण एक थेंब वाया घालवला नाही. वाफेनं न्हाणी भरली होती आणि वर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मधे तो एवढंच म्हणाला, "पोचतंय रे आतपर्यंत." मग मी त्याचं अंग पुसलं.

तेव्हापासून रोज जातो. सकाळी ओझं घेऊन जायचं, चूल पेटवायची, त्याला आंघोळ घालायची. तो रोज विचारतो, "आज तुझं कुठलं हाड जाळलंस?" काल अपूर्वानं चहा आणून दिला. साखर घालायची विसरली होती. मी तसाच प्यालो, तिच्या हातून मिळाला तेवढा पुष्कळ.

झाडाबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

तुझा,
दादा

---

संगमेश्वर,
२० जून २०२५

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र सलिलनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण मला अक्षरं दिसेनात. मग त्यालाही दिसेनात. ईशानं शेवट वाचला.

रघूचाही फोन आला होता. दमत होता, पण आवाजात हसू होतं. म्हणाला, "ताई, दादा स्वतःचं सरण माझ्या न्हाणीत जाळतोय आणि वर मलाच विचारतो, पाणी पुरलं का." किती दिवसांनी त्याचं हसणं ऐकलं. तेवढ्यानं मी आठ दिवस जगेन.

पण दादा, थोरल्याला धाकटीनं सांगू नये, तरी सांगते. तू ते वाक्य परत घेतलंस का? तोंडानं? पाणी घातलंस, लाकडं वाहिलीस, सगळं खरं. लाकडं जळतात, शब्द जळत नाहीत. रोज जातोस तर एक दिवस म्हणून टाक, चुकलो. त्याला गरज नसेल कदाचित. तुला आहे. तो गेल्यावर तू ते घेऊन बसशील आणि गोठा रिकामा झाला तरी तुझ्या घरातून ते जाणार नाही. तुला मी ओळखते.

माझ्या गुडघ्यात पुन्हा पाणी झालंय, डॉक्टर पायरी उतरू देत नाहीत. सलिल गाडीनं आणतो म्हणाला, तर परवा घाटात दरड आली. माझ्या वाटणीचा एक तांब्या तूच त्याच्या डोक्यावर घाल. लक्षात ठेव, उशीर करू नकोस.

तुझी,
दमयंती

---

आंजर्ले,
२२ जुलै २०२५

चि. दमयंतीस अनेक आशीर्वाद.

सलिल तेराव्याला येऊन गेला, त्यानं तुला सगळं सांगितलं असेलच. तरी माझ्या हातानं लिहायला हवं.

लाकडं एक जुलैला संपली. शेवटच्या दिवशी गोठ्यात झाडून गोळा केल्या त्या ढलप्याही नेल्या. रघूला सांगितलं तर म्हणाला, "संपलं का? आता तुला अजून वीस वर्षं तरी मरता यायचं नाही." पुढचे तीन दिवस तो न्हाणीपर्यंत येऊ शकला नाही. अंथरुणातच कोमट पाण्यानं अंग पुसलं. पाच तारखेला सकाळी, मी शेजारी बसलो होतो, तेव्हा गेला. त्रास फार झाला नाही.

सरणाला लाकडं वाडीनं दिली. ज्याच्याकडे जे होतं ते घेऊन माणसं आली. निम्मी ओली होती. पावसानं दोनेक तास उघडीप दिली, पण धूर फार झाला. अपूर्वानं अग्नी दिला. मी आणि वाडीतली माणसं दुपारपर्यंत फुंकत होतो. एकदा मनात आलं, माझी लाकडं असती तर. दुसऱ्या क्षणी वाटलं, नाही, ती गेली तिथेच जायला हवी होती.

आता तू विचारलेलं. दमे, मी ते वाक्य परत घेतलं नाही. तुझं पत्र चोवीस तारखेला आलं. त्यानंतर रोज सकाळी ओझं बांधताना ठरवायचो, आज म्हणायचं. न्हाणीत शिरलो की तो आधी काहीतरी थट्टा करायचा, मग पाणी, मग तो दमायचा. आज नको, उद्या. उद्या नको, परवा. मला वाटायचं तो थट्टा करून मला अडवतोय. खरं म्हणजे मीच अडून बसलो होतो. तो गेला आणि चुकलो हा शब्द माझ्याकडेच राहिला. तू म्हणालीस तसंच झालं.

काल गोदा आली. गडगा ओलांडून एकटीच आली, ओटीवर टेकली. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, गोदा, त्याची माफी मागायची राहून गेली. मग म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? तुम्ही पहिल्या दिवशी आंघोळ घातलीत ना, ते पाणी फार कढत होतं. तुम्ही गार पाण्याचं विसण घातलंच नाही. रात्री मी तेल लावायला गेले तर पाठ लालभडक. मी म्हटलं, ओरडला का नाहीत? विसण तरी मागायचं."

मालिनी होती तोवर माझं आंघोळीचं पाणी ती काढून द्यायची, गार-गरम करून. ती गेल्यापासून मी बारा महिने गार पाण्यानं करतो. विसण घालायचं असतं हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. मी चुलीवरचं तपेलं उतरवलं आणि तसंच ओतत राहिलो. एक थेंब वाया न घालवता, असं तुला कौतुकानं लिहिलंही होतं.

मी गोदाला विचारलं, मग तो काय म्हणाला?

ती म्हणाली, "ते म्हणाले, दादाचे हात थरथरत होते. मी ओरडलो असतो तर तो तांब्या ठेवून निघून गेला असता आणि परत आला नसता. त्याला कळू देऊ नकोस. उद्यापासून विसण तूच आधी घालून ठेव."

तुझा,
दादा